खुर्चीची गरज का पडली? मध्यवस्तीवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि त्यानंतर माझा मूळ लेखही पुन्हा वाचून काढला. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आपला एक आक्षेप अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि घाईघाईने दिलेले उत्तर ही निव्वळ सारवासारव ठरली असती.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा संदर्भ देतो. शहराच्या मध्यवस्तीत राहण्याविषयी लिहिताना मी वडिलांच्या आजारपणाची एक रात्र सांगितली होती. तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. शेजारच्या चौघांनी वडिलांना लाकडी खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि तसेच गल्लीच्या टोकापर्यंत नेले. यावर आपण लिहिलेत, की गल्ली मोकळी असती तर खुर्चीची गरजच पडली नसती. ज्या परिस्थितीमुळे आजारी माणसाला असे उचलून न्यावे लागले तिचेच मी गोडवे गातो आहे. आणि मध्यवस्तीत राहणारे बहुतेक लोक दुसरीकडे जाणे परवडत नाही म्हणून तिथे राहतात. आवाज, उकाडा आणि खासगीपणा यांविषयी मी अवाक्षरही काढले नाही, हेही आपण दाखवून दिलेत. शेवटी विचारलेत, की मला निवड करता आली असती तर मी तिथेच राहिलो असतो का?

गल्लीविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे. त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून जेमतेम एक दुचाकी जाईल एवढीच फट उरली होती. त्यामुळे वडिलांना जिन्यानंतर आणखी सुमारे दीडशे पावले उचलून न्यावे लागले, आणि त्या पावलांचे कौतुक करण्याजोगे काहीही नव्हते. ते मी लेखात कौतुकाच्या सुरात सांगितले, ही माझी चूक झाली.

जिन्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. रुग्णवाहिका दारात आली असती, तरी स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर फिरलेच नसते. वडिलांना उचलणाऱ्या चौघांमध्ये तळमजल्यावरचे सुतारकाम करणारे गृहस्थ होते, समोरच्या घरात भाड्याने राहणारे दोन विद्यार्थी होते, आणि चौथे असे शेजारी होते, ज्यांच्याशी जिन्यात ठेवलेल्या सायकलींवरून आमचे दोन वर्षे बोलणे बंद होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली, तेव्हा सुतारकाकांनी शांतपणे सांगितले, ‘‘पाय आधी, पाठ नंतर. खुर्ची कठड्याकडे कलती करा.’’ त्या जिन्यावरून त्यांनी आजवर किती कपाटे उतरवली असतील, कोण जाणे. मला जे सांगायचे होते आणि मूळ लेखात नीट सांगता आले नाही, ते हेच आहे. मध्यवस्तीत माणसे एकमेकांवर जास्त प्रेम करतात, असा माझा दावा नाही. रोज एकाच जिन्यावर, एकाच ओट्यापाशी, एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्यामुळे त्यांना एकमेकांची माहिती असते, आणि अडचणीच्या वेळी बोलणे बंद असलेल्या शेजाऱ्यालाही आपले दार कुठले आहे ते शोधावे लागत नाही.

ही ओळख कशामुळे टिकते आणि कशामुळे जाते, याचा अभ्यास झालेला आहे. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन निवासी रस्त्यांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. रस्ते दिसायला बरेचसे सारखे होते. मुख्य फरक वाहनांचा होता. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. सर्वांत कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर सर्वांत जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला सरासरी एकही पुरा नव्हता, आकडा ०.९ होता. आपले घर कुठवर आहे, हे रहिवाशांना नकाशावर दाखवायला सांगितले, तेव्हा शांत रस्त्यावरच्या लोकांनी सगळा रस्ताच आपला मानला, आणि गजबजलेल्या रस्त्यावरचे लोक आपल्या इमारतीपुरते आक्रसले होते. हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या त्या दोन मोटारी आठवल्या. त्या गल्लीतल्या कोणाच्याही नव्हत्या. दिवसा कामासाठी शहरात येणारे लोक तिथे मोटारी लावतात आणि काही मोटारी रात्रीही तिथेच राहतात. मध्यवस्तीचा दोष म्हणून आपण जे दाखवलेत, त्यातले बरेचसे बाहेरून तिच्या अंगावर टाकलेले आहे, असे मला वाटते. तिथे राहणाऱ्यांचा त्रास त्यामुळे कमी होत नाही, हेही खरेच. पण उपाय कुठे शोधायचा, ते त्यावरून ठरते.

आवाजाचेही तसेच आहे. गल्लीत खेळणाऱ्या मुलांचा गलका आणि चढावर गिअर बदलणाऱ्या गाड्यांची घरघर या दोन्हींना मी लेखात ‘वर्दळ’ या एकाच शब्दात गुंडाळले होते, तसे करायला नको होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली दिलेल्या शिफारशींनुसार रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा, कारण त्यापुढे झोपेवर दुष्परिणाम होतात. डेसिबलच्या मापात वाहनांची संख्या निम्म्यावर आणली, तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. म्हणून थोडीबहुत वाहतूक कमी करून भागत नाही. वेगाला आळा घालावा लागतो आणि गल्ल्यांमधून आरपार जाण्याची वाट बंद करावी लागते. शिवाय रात्री दोन वाजता भरधाव गेलेली एकच मोटारसायकल सरासरीत फारशी दिसत नाही, पण झोप तीच मोडते. या बाबतीत आपली तक्रार मी शब्दशः मान्य करतो.

उकाड्याविषयी आपण लिहिलेत, तेही योग्यच आहे. विटा, काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि रात्री ती सोडत राहतात, त्यामुळे दाट वस्तीतल्या रात्री लवकर निवत नाहीत. तरीही याच संदर्भात शिकागोचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. जुलै १९९५ मधल्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात ७०० हून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी तिथल्या नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखेच होते. मात्र नॉर्थ लॉनडेलमध्ये उष्णतेने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण दर लाखामागे ४० होते आणि साउथ लॉनडेलमध्ये ते ४ होते. पहिल्या वस्तीतली दुकाने बंद पडली होती, कितीतरी भूखंड ओस पडले होते आणि म्हातारी माणसे भीतीने घराबाहेर पडत नव्हती. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर दिवसभर माणसांची ये-जा होती, त्यामुळे वृद्धांनाही बाहेर पडावेसे वाटे आणि थंडाव्यासाठी जवळच्या दुकानांत जाता येई. आपण ज्या गर्दीला सरसकट त्रास म्हणता, तिच्याविषयी बोलताना दर लाखामागे ३६ जिवांचा हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

खासगीपणाविषयी मला फार काही लिहायचे नाही, कारण त्या बाबतीत प्रत्येकाची गरज निराळी असते. समोरच्या खिडकीतून आपले घर दिसते आणि आपल्या खिडकीतून समोरचे, याची काहींना सवय होते आणि काहींना कधीच होत नाही. माझ्या पत्नीला झाली नाही. तिच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही, आणि मी तसे भासवले असेल तर ते अन्यायाचे होईल.

परवडण्याचा मुद्दा मात्र मला एवढा सरळ वाटत नाही. नाइलाजाने राहणारे लोक मध्यवस्तीत आहेत, हे खरे आहे. पण तिथून नाइलाजाने निघून जावे लागलेले लोकही आहेत. लंडनमधील कामगारांच्या वस्त्यांमध्ये मध्यमवर्ग शिरू लागला आणि मूळ रहिवासी विस्थापित होऊ लागले, तेव्हा समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. घरमालकाने भाडे वाढवले की सर्वांत आधी समोरच्या त्या दोन विद्यार्थ्यांसारखेच लोक जातात. त्यांच्या जागी येणाऱ्यांना जिन्याचे वळण ठाऊक व्हायला पुन्हा काही वर्षे लागतात.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. वडील घरी परतल्यावर आम्ही शहराच्या कडेला लिफ्ट असलेले एक घर दोनदा पाहून आलो. घर प्रशस्त होते, हवा खेळती होती आणि पत्नीला ते मनापासून आवडले होते. परत येताना वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘इथे खाली उतरल्यावर मी जायचे कुठे?’’ सर्वांत जवळचे दुकान चालत पाऊण तासावर होते आणि मधे एक रुंद रस्ता ओलांडायचा होता. अखेरीस आम्ही आमच्याच गल्लीत तळमजल्यावरची जागा घेतली. ती अंधारी आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि पुढच्या खोलीत रस्ता अगदी कानाशी आहे. वडिलांचा पलंग आम्ही मागच्या खोलीत ठेवला आहे, कारण तिथे इमारतीच्या आडोशामुळे आवाज खूपच कमी येतो. सकाळी ते काठी टेकत दारात येऊन बसतात. पत्नीने या निर्णयाला होकार दिला, पण तो तिच्या मनाविरुद्ध होता, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार करायचा असे आमचे ठरले आहे.

आपली प्रतिक्रिया वाचल्यानंतर मी गल्लीतल्या १९ घरांच्या सह्या घेऊन, गल्लीच्या तोंडाशी वाहने उभी करण्यास मनाई करावी, असा अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे. पहिली सही सायकलींवरून भांडलेल्या शेजाऱ्यांची आहे. अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि आज सकाळीही तिथे दोन मोटारी उभ्या होत्या.