चिंच-मीठ लावण्याआधी हे वाचा

'जुना फ्रेंच अत्तरसंच ओळखा' हा फॉरवर्ड मावशीला आला. काचेच्या दोन कुप्या, सोनेरी ब्रॉन्झचा स्टँड, असला एक संच तिच्या शोकेसमध्ये आहे. मला फोन केला तोवर तिने चिंच भिजत घातली होती, म्हणून हे चिडूनच लिहितोय.

फॉरवर्ड म्हणतो, सोनेरी भाग चिंच-मिठाने घासा. झळकला तर अस्सल, आतून दुसरा धातू दिसला तर नकली. अहो, ती देवघरातली समई नव्हे! आत ब्रॉन्झ, वर सोन्याचा पातळ मुलामा, हीच तर अस्सल वस्तू. घासलंत की पानाफुलांच्या उंच कडांवरचं सोनं आधी जातं, आणि आंबट-खारट पाणी मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या धातूला खातं. म्हणजे खरी वस्तू आपल्याच हाताने खराब करायची आणि वर तिलाच नकली ठरवायचं.

पुढचा सल्ला: सराफाकडे वितळवा, 'भरपूर सोनं निघेल'. सोनं खरं असतं, एवढं मान्य, भरपूर नसतं. शिवाय जुना मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून ब्रॉन्झवर लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. ती वाफ कारागिरांच्या जिवावर उठायची. पॅरिसचे ब्रॉन्झकार राव्रियो १८१४ मध्ये वारले, ते यावर उपाय शोधणाऱ्यासाठी ३००० फ्रँकचं बक्षीस ठेवूनच. १८१८ मध्ये ते रसायनतज्ज्ञ दार्से यांना मिळालं, वाफ ओढून नेणाऱ्या धुराड्याच्या भट्टीसाठी. मुलाम्यात थोडा पारा उरलेला असू शकतो. तो सराफाच्या नाकात कशाला?

'राणी मारी आंत्वानेतचा बकारा क्रिस्टल संच' यावर काय बोलावं! फ्रान्सच्या या राणीचा शिरच्छेद १७९३ चा, आणि बकारा या फ्रेंच काच-कारखान्याची क्रिस्टलची भट्टी १८१६ ची. बाजारात दिसणारे दुधी ओपालिन काचेचे संच बहुतेक १९व्या शतकातले.

'शिक्का नाही म्हणजे नकली' हेही चूक. बकाराने आपलं चिन्ह नोंदवलंच १८६० मध्ये, त्याआधीच्या कुप्यांवर ते कुठून येणार?

बघायचंच असेल तर बूच बघा. जुनं काचेचं बूच त्या-त्या कुपीच्या मानेत घासून बसवलेलं असतं. दोन कुप्यांची बुचं अदलाबदल केली की बहुधा एक डुगडुगतं, नाहीतर अडकतं. अडकलं तर मात्र जोर लावू नका.