डुक्कर खरेदी : तपशील मागवणे

दर मंगळवारी दुपारी अडीच वाजता, डब्यातली पोळी-भाजी पोटात नुकती स्थिरावत असताना आणि पापण्या माझे ऐकेनाशा झालेल्या असताना, मला इंग्लंडला जावे लागते. अर्थात प्रत्यक्ष नव्हे, संगणकाच्या पडद्यावरून. नाशिकमधले आमचे कार्यालय लीड्स शहरातल्या एका कंपनीचे हिशेब लिहिते आणि आठवड्यातून एकदा तिकडच्या हिशेब खात्याच्या बाई आमच्याशी बोलतात. त्यांच्याकडे त्या वेळी उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असल्यामुळे त्या अतिशय ताज्यातवान्या असतात आणि ताजेतवाने इंग्रज माणूस फार वाक्प्रचार वापरतो.

आकड्यांची मला भीती नाही. तीस वर्षे किर्द-खतावणीत काढलेल्या माणसाला ताळेबंद न जुळण्याचे दुःखदेखील घरच्यासारखे वाटू लागते. इंग्रजीचीही तशी भीती नाही; मराठी माध्यमात शिकलो असलो तरी कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या खुंट्या ठोकून कोणतेही वाक्य ताणून धरायला आम्हाला शिकवलेले आहे. पंचाईत अशी, की बाईंच्या वाक्यातला शब्दन् शब्द मला समजतो आणि वाक्य समजत नाही.

पहिला फटका बसला तो डुकरामुळे. तिकडच्या कोणा वरिष्ठाने एक संगणक प्रणाली नीट न तपासताच विकत घेतली होती आणि तिच्यापायी सगळे मेटाकुटीला आले होते. त्यासंबंधी बोलताना बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, की आपण ‘पिग इन अ पोक’ विकत घेतले आहे. बैठकीची टिपणे काढण्याचे काम माझ्याकडे असते. मी वहीत मराठीत लिहिले, ‘डुक्कर खरेदी : तपशील मागवणे’, आणि दुसऱ्या दिवशी अत्यंत विनयाने पत्र पाठवून डुकराचे बिल मागितले; शिवाय ते पशुधनात दाखवायचे की विक्रीसाठीच्या मालात, आणि पशुधनात दाखवायचे झाल्यास त्यावर घसारा कोणत्या दराने लावायचा, अशी विचारणाही केली. उत्तरादाखल केवळ एक हसरा चेहरा आला. घसाऱ्याचा दर शेवटपर्यंत कळला नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी पोरगी मला काका म्हणते. वय पंचवीस, इंग्रजी मात्र बाईंच्या बरोबरीचे. तिने मला ‘पोक’ म्हणजे पोते हे सांगितले. जुन्या काळी इंग्लंडच्या बाजारात डुकराचे पिल्लू पोत्यात बांधून विकायला आणीत. पोते न उघडता पैसे मोजणाऱ्या भोळ्या गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर आत मांजर सापडे, अशी कथा आहे. म्हणून न पाहता घेतलेली वस्तू म्हणजे पोत्यातले डुक्कर. जर्मन आणि फ्रेंच लोक याच अर्थी ‘पोत्यातले मांजर विकत घेणे’ म्हणतात. म्हणजे त्यांनी निदान हाती काय लागले ते प्रामाणिकपणे सांगितले. इंग्रज अजून विकणाऱ्याच्या बोलीवरच विश्वास ठेवून आहे.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. अर्थ कळला होता, तेवढ्यावर माझा मंगळवार निभावला असता. पण मला उगम कळला, आणि उगमाचे व्यसन तंबाखूपेक्षा वाईट असते. अर्थ जाणणाऱ्याला वाक्य ऐकू येते. उगम जाणणाऱ्याला त्यातले डुक्कर दिसते.

पुढच्या बैठकीत बाई म्हणाल्या, की काही बुडीत येणी यंदा निर्लेखित करावीच लागतील, आता ‘बाइट द बुलेट’ करायला हवे. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला मात्र फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थांनी केलेला गावरान इंग्रजीचा कोश आठवत होता, कारण आदली रात्र मी त्यातच घालवली होती. त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत लिहिले आहे, की काही पलटणींत फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडणे नामुष्कीचे मानले जाई, म्हणून शिपाई बंदुकीची गोळी दातांखाली धरून चघळत. आणि जो ओरडे त्याला ‘नाइटिंगेल’, म्हणजे गाणारा पक्षी, म्हणत. हे कळल्यानंतर बाईंनी एकेका बुडीत खात्याचे नाव घ्यावे आणि मला पाठीवर वळ उमटल्याचा भास व्हावा असे होऊ लागले. ‘तुम्हाला काही म्हणायचे आहे का?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी पक्षी ठरू नये म्हणून गप्प बसलो.

मग नाताळ झाला. जानेवारीच्या पहिल्या बैठकीआधी बाई हसत हसत सांगत होत्या, की मेजवानीच्या रात्री त्यांच्या विक्री विभागाचा प्रमुख ‘थ्री शीट्स टु द विंड’ होता. हिशेबनीसाला शीट म्हटल्यावर काय दिसावे? मी तत्काळ डिसेंबरची फाईल उघडून कोणत्या तीन शीट गहाळ आहेत ते पाहू लागलो, आणि दैवयोग असा, की एक खरोखरच सापडेना. पाऊण तास मी घामाघूम होऊन शोधत होतो. ती सापडल्यावर पोरीने सांगितले, की तो गृहस्थ फक्त भरपूर प्यालेला होता. यातली ‘शीट’ म्हणजे कागद नव्हे आणि चादरही नव्हे. गलबताच्या शिडाचे खालचे टोक ज्या दोराने ताणून धरतात त्या दोराला खलाशी शीट म्हणतात. असे तीन दोर सुटले की शीड फडफडते आणि गलबत झिंगल्यासारखे डुलू लागते. हा मला आजवर भेटलेल्यांपैकी सर्वांत सुरेख वाक्प्रचार आहे हे मान्य करतो, परंतु तो पाऊण तास मला कोणी भरून देणार नाही.

इंग्रजांच्या भाषेत समुद्राचे पाणी फार आहे. लेखापरीक्षकाच्या एका शेऱ्याकडे ‘ब्लाइंड आय’ करावा असे बाईंनी सुचवले, तेव्हा मी दोन एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत होतो. इंग्रज आरमाराचे वरिष्ठ सेनापती हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याची निशाणे चढवली. त्यांच्या हाताखालच्या नेल्सनने दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि मला तर काही निशाण दिसत नाही असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. त्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीच्या वेढ्यात गेलेली होती. इंग्लंडला हे कौतुक वाटते. आमच्या ‘काणाडोळा’ शब्दात डोळाही आहे आणि तो काणाही आहे, आणि त्यासाठी आम्हाला कोणाचे आरमार लागले नाही. वरून आलेले परिपत्रक न दिसण्याची विद्या आमच्या कचेऱ्यांतून विनादुर्बीण चालते.

एव्हाना पोरगीही या नादाला लागली होती. तिने एक जुने फिरते पत्र पाठवले: इंग्लंडात पूर्वी कुत्री-मांजरे गवताने शाकारलेल्या छपरात झोपत, पावसात छप्पर निसरडे होऊन ती खाली पडत, म्हणून ‘कुत्र्या-मांजरांचा पाऊस’. हे पत्र १९९९ पासून जगभर फिरत आहे आणि ते थाप आहे. माझे लहानपण शाकारलेल्या घरात गेले आहे. छपरातून विंचू पडतो, घूस पडते, एकदा आजोबांचा हरवलेला चष्मा पडला, पण कुत्रे पडलेले कोणी पाहिले नाही. मुळात पाऊस आल्यावर कुत्रे छपरावर कशाला बसेल? जोनाथन स्विफ्टच्या १७१० मधल्या एका कवितेत लंडनच्या गटारांतून मेलेली मांजरे आणि बुडालेली कुत्र्याची पिल्ले वाहत येतात. मूळ कदाचित तिथेही नसेल, पण निदान ती कुत्री खरी वाटतात. हे सारे मी जेवताना घरी सांगितले. बायको म्हणाली, ‘अहो, आपल्याकडे मुसळे पडतात त्याचे काय?’ मी आमटी ओरपली.

रोग मराठीत पसरला तेव्हा मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. आमचे एक वरिष्ठ निवृत्त झाले. निरोप समारंभात वक्त्याने म्हटले, की कार्यालयाच्या भरभराटीत साहेबांचा सिंहाचा वाटा आहे. टाळ्या झाल्या. मला बसल्या जागी इसाप आठवला. शिकार चौघांनी मिळून केली, वाटेही चार केले, आणि सिंहाने एकेक कारण दाखवत चारही स्वतःकडे ओढले. चौथ्याच्या वेळी तर कारण एवढेच, की हात लावून पाहाच. हा वाटा खाण्याचा आहे, उचलण्याचा नव्हे, आणि मराठीने तो कधी उलटा फिरवला कोण जाणे. हे मी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या कानात सांगितले. तो साहेबांचा मेहुणा होता.

त्यानंतर मी निश्चय केला, की यापुढे कोणत्याही शब्दाच्या मुळाशी जायचे नाही, आणि तो निश्चय सलग पाच मंगळवार पाळला. सहाव्या मंगळवारी विवरणपत्राचे आकडे तिसऱ्यांदा चुकले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या म्हणाल्या, की या प्रकाराने मी अगदी ‘डुलॅली’ होणार आहे.

मी ताठ बसलो. मी राहतो देवळाली कॅम्पात. आमच्या लॅम रोडवरून तोफखान्याच्या शाळेच्या गाड्या जातात, सरावाच्या तोफांनी खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि मुंबईची माणसे पैसे खर्चून इथली हवा खायला येतात. पण एकोणिसाव्या शतकात इथे गोऱ्या पलटणींचा मुक्कामी तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी इथे येऊन राहत, आणि त्यांना नेणारी जहाजे मुंबईहून साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. शेवटचे जहाज चुकलेल्या बापड्याला पुढचा हिवाळा येईपर्यंत इथेच बसावे लागे: काम नाही, कवायत नाही, डोक्यावर ऊन, सोबतीला दारू आणि हिवताप. त्यातून जो भ्रमिष्टासारखा वागू लागे त्याला इतर शिपाई म्हणत, याला ‘डुलॅली टॅप’ झाला. यातला टॅप नळाचा नव्हे; तो आपला ताप. पुढे त्यांनी ताप इथेच ठेवला आणि देवळाली घरी नेली.

निश्चय गेला खड्ड्यात. आयुष्यात प्रथमच एका इंग्रजी वाक्प्रचाराच्या उगमाचा भाडेकरार माझ्या नावावर होता. मी ध्वनी चालू केला आणि तब्बल बारा मिनिटे, एकदाही न अडखळता, जहाजांच्या वेळापत्रकासह सगळे सांगितले. मध्येच एक तोफही धडाडली. इतकी वेळेवर, की मला सरकारचे आभार मानावेसे वाटले. त्या दिवशी मी घरूनच काम करीत होतो.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग बाई हसल्या आणि म्हणाल्या, की मी त्यांचा पाय ओढतो आहे.

मला राग आला. तीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांचे पाय ओढले जाताना पाहिले, एकदोनदा माझेही ओढले गेले, पण मी स्वतः कोणाचा पाय ओढलेला नाही, आणि लीड्सच्या बाईंच्या बढतीशी तर माझा काडीचाही संबंध नाही. हे मी स्पष्टपणे सांगणार, तोच पोरीचा निरोप पडद्याच्या कोपऱ्यात उमटला, ‘काका, थांबा, त्या फक्त थट्टा म्हणतायत.’ मी ध्वनी बंद केला, वही जवळ ओढली आणि नव्या ओळीवर लिहिले, ‘पाय : तपशील मागवणे.’