महिनाभरात ठणठणीत? दादाला अजून वेळ लागणार आहे

नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) चढवल्या की पेशंट महिनाभरात ठणठणीत, वर रोज गुळवेलीचा काढा द्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढेल, आणि दाता मात्र जन्मभर पाठीने अधू. इंदूरला आमच्या घरी दादाचं ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं, सेल मी दिल्या. त्यामुळे गप्प बसवत नाही.

माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही. आधी काही दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं दिली, त्यांनी स्टेम सेल बोनमॅरोतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून, रक्तात उतरतात. अंग चांगलंच ठणकलं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, सेल वेगळ्या काढून बाकीचं दुसऱ्या हातातून परत. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, सिस्टरनी कॅल्शियम दिलं. कधी मॅरो भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, पण मणक्यातून नाही. असल्या मेसेजना घाबरून भावंडं एचएलए टायपिंगलाच, म्हणजे दाता पेशंटशी जुळतो का ते बघायच्या तपासणीलाच, येत नाहीत, याचा मला संताप येतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता मुळात चारात एक.

आता तो महिना. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या सेल रुजतात, रक्तपेशींचे काउंट वर येतात, हे खरं. पण तिथून पुढेच खरी कसोटी. पहिले 100 दिवस डोळ्यांत तेल घालून जपायचे, प्रतिकारशक्ती सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. लहानपणच्या लशी पुन्हा घ्याव्या लागतात, गोवरची तर साधारण दोन वर्षांनी. दादा जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो, वहिनी वर पाणी घेऊन थांबते. ताप 100.4 झाला की घरची गोळी देऊन वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. राजवाड्याची गेर (रंगपंचमीची मिरवणूक), सराफ्यातली चाट, सगळं बंद. त्याला ‘घरकोंबडा झाला’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

काढ्याचं तर उलटच आहे. दात्याच्या सेल पेशंटच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. म्हणूनच सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देऊन डॉक्टर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तरी अशा पेशंटवर प्रयोग कशाला?

काकू, मावशी, माया कळते. दादाला भेटायला जरूर या, पण आधी वहिनीला फोन करा, आणि घरात कुणालाही सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात नको.