न वाजवलेलं ऐक!

काल रात्री माझ्या मित्राने मला सांगितलं की तुला ऐकता येत नाही. आणि हे सांगतंय कोण, तर ज्याला मी शेजारी बसवून, पिंक फ्लॉइड या बँडचं 'मनी' लावून, टेबलावर बोटं आपटत सात मात्रांची मोजणी शिकवली तो. पहिले दोन दिवस तर तो सहालाच सम गाठायचा!

झालं असं की माझ्या लाडक्या प्रोग रॉक (अवघड, बदलत्या तालांचं रॉक) बँडच्या ड्रमरने सोलो अल्बम काढला (नाव घेत नाही, अजून थोडी आशा आहे). दोन महिने आधी ऑर्डर दिलेली, डबल व्हिनाइल, आलं तेव्हा कोपरा दुमडलेला, तरी गप्प बसलो. दिवे घालवून चारही बाजू ऐकल्या. चारही बाजू हा माणूस गातो. पियानो वाजवतो. कुणाला तरी सॉरी म्हणतो, मग समुद्राला काहीतरी विचारतो. आणि ड्रम? ड्रम मशीन, बटण दाबलं की आपोआप ठोके. टिक-टॉक, टिक-टॉक, सगळं चार मात्रांत, चुकूनसुद्धा पाचात नाही.

म्हणून मित्राला फोन केला.

"यात ड्रम कुठेत रे?"

"हां, आता आलास मुद्द्यावर. तो वाजवत नाहीये."

"अरे तेच म्हणतोय मी!"

"नाही, तू तक्रार करतोयस. तो काय वाजवत नाहीये ते ऐक. तिसरं गाणं, चार मिनिटं वीस सेकंद. तिथे केवढा मोठा ड्रमरोल तो वाजवत नाही! माझ्या तर अंगावर काटा आला."

आता रेकॉर्डवर सेकंद दिसत नाहीत. तरी मी उठलो, सुई ठेवली, मोबाइलचं घड्याळ लावलं आणि चार वीसला श्वास रोखून बसलो. हो, बसलो, काय करू.

"ऐकलंस?"

"काय?"

"गेलं बघ."

"आणि ते मशीन?"

"तो त्याचा एकटेपणा आहे. तुला नाही कळायचं, तू अजून मोजत ऐकतोस."

मोजत! मोजायला शिकवलं कोणी तुला!

ड्रमरने गायला लागण्याचं मूळ मला वाटतं जेनेसिस बँडच्या ड्रमर फिल कॉलिन्समध्ये आहे. 1975 मध्ये त्यांचा गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेला, बरेच गायक ऐकून झाले आणि शेवटी मागे ड्रमवर बसलेल्या कॉलिन्सलाच पुढे आणलं. तेव्हापासून प्रत्येक ड्रमरला वाटतं आपल्यातही एक गायक दडलाय. असेलही, दडलेलाच राहू दे ना. पण कॉलिन्सचं 1981 चं 'इन द एअर टुनाइट' घ्या, तेही मशीनवरच सुरू होतं, साडेतीन मिनिटांहून जास्त तुम्हाला ताटकळत ठेवतं आणि मग तो असा काही वाजवतो की सगळी उधारी फिटते. आमच्या साहेबांनी उधारी तशीच ठेवलीय. त्याच 1981 मध्ये पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याचाही अल्बम आला, नाव त्याचं, गाणी सगळी जाझ संगीतकार कार्ला ब्लेची, गायला बहुतेक सगळं रॉबर्ट वायट, आणि हा आपला गुपचूप ड्रमवर. याला म्हणतात समज.

आणि तो वायट, तोही मुळात ड्रमर. 1973 मध्ये खिडकीतून पडला, कमरेखाली लुळा झाला, पूर्वीसारखं ड्रमवर बसणंच संपलं. पुढच्या वर्षी त्याचा 'रॉक बॉटम' अल्बम आला. त्यात पूर्वीचा ड्रमर शोधायचं माझ्या मनातसुद्धा येत नाही. पण ज्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत आहेत आणि ज्याच्या एका पायाच्या कामासाठी मी वीस वर्षं जीव टाकलाय, त्याने बटण दाबून मोकळं व्हावं याचा राग येतो मला, खरंच येतो, विनोद बाजूला.

शेवटी मित्राला विचारलं, तू कशावर ऐकलास अल्बम? म्हणे फोनवर, चालता चालता, तीन गाणी झालीत. आणि वर, "तुला नको असेल तर रेकॉर्ड मला दे."

दिली नाही.

आज सकाळी त्याचा मेसेज: "चौथी बाजू ऐकली. यात तर तो अजिबातच वाजवत नाही. कमाल आहे!!"