चहा सोडल्यावर डोकं दुखतं ते नाटक नव्हे

माझ्या वहिनीने चहा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपाळाला बाम चोळून, पडदे ओढून आडवी झाली. घरच्यांनी लगेच निकाल दिला: पित्त झालंय, नाहीतर नाटकं चाललीयेत. मला याचा मनापासून राग आला. त्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, 'कॅफीन विथड्रॉवल', म्हणजे चहा-कॉफीतलं कॅफीन अचानक बंद झाल्यावर होणारा त्रास, आणि 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत त्याची रीतसर नोंद आहे.

दिवसभर जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, जाऊन बसलं की जडपणा येतो, झोप येते. कॅफीनची घडण बरीचशी त्याच्यासारखीच, म्हणून लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं ते आधीच जागा अडवतं. थकवा गेलेला नसतो, फक्त जाणवत नाही. रोजच असं व्हायला लागलं की मेंदू रिसेप्टर वाढवतो. मग एके दिवशी चहा अचानक बंद! अडवणारं कोणी नाही आणि अडेनोसिनला मोकळं रान. कॅफीनने आकसलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्याही सैलावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि डोकं ठणकायला लागतं.

शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांत हे सुरू होतं. पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि पूर्ण ओसरायला 2 ते 9 दिवस. नुसतं डोकं नाही. चिडचिड होते, मळमळतं, अंग मोडून येतं, कामात लक्ष लागत नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात संध्याकाळी अनेक बायकांचं डोकं चढतं, त्यात पाणी नसणं, पोट रिकामं असणं आहेच, पण सकाळपासून न मिळालेला चहाही आहे. त्याचं नाव कोणी घेत नाही.

"मी काय, कटिंगच घेते" असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. परळला आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर आलं ठेचून टाकलेला चहा उकळून उकळून काळपट होतो, फडक्यातून पिळून किटलीत जातो आणि किटली मजल्यामजल्यावर फिरते. अकराला एक, जेवणानंतर एक, चारला एक, निघताना एक. घरचे दोन वेगळेच. रोजचं 100 मिलिग्रॅम कॅफीनसुद्धा ही सवय लागायला पुरतं. शिवाय ते अर्धं उतरायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा रात्री अकराला निम्मा अंगातच असतो. झोप येत नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी आधी हा चहा बघावा.

माझं स्पष्ट मत आहे, एका झटक्यात सोडायला कोणाला सांगू नये. आधी संध्याकाळचा बंद करा, काही दिवसांनी दुपारचा, सकाळचा सगळ्यात शेवटी. डोकं दुखलं म्हणून गोळी घेताना पाकीट वाचा, डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच असतं. आणि घरात कोणी सोडत असेल तर तिच्यासमोर वाफाळता कप घेऊन "घे की घोटभर" म्हणू नका.

ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवतात तेव्हाही हेच होतं. शुद्धीवर आल्यावर डोकं दुखतं आणि सगळे भुलीला दोष देतात. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांबरोबर दिवसाला किती चहा होतात तेही सांगा.