आघाडीची बोलणी करायला निघालात? सावकाश जा

पक्षाने तुम्हाला जागावाटपाच्या समितीवर घेतलं, आधी अभिनंदन. आता मुंबईला निघताना बॅगेत काय भरायचं ते ऐका. मतदारसंघनिहाय मतांचे तक्ते नकोत. ते समोरच्याकडेही आहेत आणि त्याच्या तक्त्यात सगळीकडे तोच पुढे आहे. पित्ताच्या गोळ्या घ्या, मोबाइलचा चार्जर घ्या, आणि एक वाक्य पाठ करून ठेवा: "चर्चा अत्यंत सकारात्मक झाली, मोजक्या जागांवर एकमत व्हायचं बाकी आहे." आत कपबश्या फुटल्या असल्या तरी बाहेर येऊन हेच म्हणायचं. मोजक्या म्हणजे किती, असं कुणी विचारलंच, तर श्रेष्ठींकडे बोट दाखवून गाडीत बसायचं.

आता मुद्द्याचं. लढाई कुणाशी आहे, याबद्दल मनात गोंधळ नको. जाहीरनाम्यात लिहिलंय की लढाई जातीयवादी शक्तींशी आहे. छान आहे, छापू द्या. पण भाजप तुमची जागा नेतो ती पाच वर्षांसाठी. मित्रपक्षाला सोडलेली जागा गेली ती गेली. त्याचा माणूस निवडून आला, तर पुढच्या वेळी तो म्हणणार, "आमचा सिटिंग आहे." पडला तर म्हणणार, "दोन नंबरला आम्हीच होतो." दरम्यान तुमचा तालुकाध्यक्ष दुसऱ्याच्या सभेच्या सतरंज्या उचलून कंटाळतो आणि एक दिवस तिसऱ्याच पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फोटोत दिसतो. म्हणून शत्रूला पाडायचं राहिलं तरी चालेल, मित्राला वाढू द्यायचं नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण हिशेबात चूक काढून दाखवा. मला तरी अजून सापडलेली नाही.

तत्त्वांचं काय करायचं, असा प्रश्न नवख्यांना पडतो. १९९९ आठवा. सोनिया गांधींच्या विदेशी मुळाचा मुद्दा काढला म्हणून शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसने काढलं. जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. विधानसभेला दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध जीव तोडून लढल्या. काँग्रेसला ७५ जागा मिळाल्या, राष्ट्रवादीला ५८. आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. ते विदेशी मूळ शपथविधीला आलंच नाही. तेव्हा तत्त्व सोडू नका, फक्त निकालाच्या दिवशी ते घरी ठेवून या.

२००४ मध्ये तर धाकट्याने ७१ आणून थोरल्याला ६९ वर मागे टाकलं. मुख्यमंत्रिपद तरीही काँग्रेसकडेच राहिलं आणि राष्ट्रवादीने त्या बदल्यात जादा मंत्रिपदं पदरात पाडून घेतली. खुर्ची एक असते, खाती पुष्कळ. यावर जास्त बोलायला नको.

खरा अभ्यास करायचा तो २०१४ चा. २००९ ला दोघे एकत्र लढले होते: काँग्रेस ८२, राष्ट्रवादी ६२. बेरीज करा. १४४. पुढे २०१४ च्या लोकसभेत काँग्रेसला राज्यात दोन जागा मिळाल्या, राष्ट्रवादीला चार. दोन आणि चार! एवढ्यावरून थोरला कोण याचा वाद पुन्हा पेटला, आणि राष्ट्रवादीने विधानसभेला २८८ च्या निम्म्या जागा मागितल्या. म्हणजे १४४. गेल्या खेपेला दोघांनी मिळून जेवढ्या जिंकल्या, तेवढ्या या खेपेला एकट्याला लढायला हव्या होत्या. चर्चेचं गुऱ्हाळ अर्ज भरायला दोन दिवस उरेपर्यंत चाललं आणि २५ सप्टेंबरला आघाडी मोडली. त्याच संध्याकाळी शिवसेना-भाजप युतीही मोडली होती. म्हणजे समोरचं घर पेटलेलं असताना यांनी आपल्याही घराला काडी लावली. निकाल: काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. तुम्ही मात्र हा आकडा वेगळ्या नजरेने वाचायला शिका. काँग्रेस एका जागेने पुढे राहिली! थोरला कोण, हे अखेर सिद्ध झालं.

हरल्यावर माणसं शहाणी होतात, २०१९ ला मुकाट १२५-१२५ वर सही होते. खरं संकट जिंकल्यावर येतं. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने, म्हणजे काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना आणि शरद पवारांची राष्ट्रवादी या तिघांनी, ४८ पैकी ३० जागा घेतल्या. शिवाय सांगलीत काँग्रेसचा बंडखोर विशाल पाटील यांनी अपक्ष उभं राहून जिंकून दाखवलं, तेही मित्रपक्षाच्या अधिकृत उमेदवारासमोर. यश एवढं की मुख्यमंत्री कुणाचा, ही चर्चा जागावाटपाआधीच सुरू झाली. मग २३ ऑक्टोबरला विधानसभेचं सूत्र जाहीर झालं: ८५-८५-८५. झाले २५५. लहान मित्रांसाठी १८, म्हणजे २७३. सभागृहात जागा २८८. उरलेल्या पंधरा कुठे गेल्या हे चौथीतल्या पोरालाही विचारावंसं वाटलं, पण वाटाघाटी करणाऱ्याने बेरीज करायची नसते. बेरीज केली की कुणाला तरी कमी आलंय हे कळतं. पुढे निकालात तिघांचे मिळून ४६ आमदार आले. आता वाटणीला काहीच अडचण नव्हती.

लहान पक्षांशी कसं वागायचं? त्यांना 'समविचारी' म्हणायचं, चहा द्यायचा आणि उद्या बोलावतो सांगायचं. २०१९ च्या लोकसभेला प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीबरोबर असंच उद्या-उद्या झालं. नांदेडला अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराची मतं दीड लाखांहून जास्त. त्यावर उपाय ठरलेला: वंचितला भाजपची बी टीम म्हणायचं. (चव्हाणसाहेब पुढे २०२४ मध्ये थेट ए टीममध्येच गेले, पण तो वेगळा विषय.) २०२४ च्या विधानसभेला शेतकरी कामगार पक्षाचंही (शेकाप) तेच. सांगोल्यात गणपतराव देशमुखांच्या नातवासमोरही आघाडीने उमेदवार दिला. नातू निवडून आला. उरणला शेकाप आणि ठाकरेंची शिवसेना असे दोघेही लढले, दोघांची बेरीज विजेत्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि आमदार भाजपचा. याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. मैत्री आपली आपल्यात, आमदार त्यांचा.

आघाडी धर्म पाळायचाच असेल तर मतदानाच्या दिवसापर्यंत पाळा. त्या दिवशी सकाळी मत देऊन बाहेर आलात की अपक्षाला पाठिंबा द्यायला हरकत नाही. दक्षिण सोलापुरात २०२४ ला काँग्रेसच्या सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे यांनी तो पायंडा पाडून ठेवलाय.

वेळेबद्दल एकच सांगतो: शेवटच्या दिवसापर्यंत ताणा. कारण उघड आहे. तिकीट कापलेल्या माणसाला बंड करायला वेळ मिळता कामा नये. तो तसाही करतोच, कारण दुसऱ्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आठवडाभर पडलेला असतो.

आमच्या तालुक्यात एकदा अशाच ताणाताणीत अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. तीनला मुदत संपणार. पावणेतीनला तहसीलच्या आवारात दोन गाड्या धुरळा उडवत शिरल्या, एकीत आमचा एबी फॉर्म, दुसरीत मित्रपक्षाचा. नावं दोन, मतदारसंघ एक. दोन्ही उमेदवार एकाच रांगेत, एकाच झेरॉक्सवाल्याकडून आणलेली शपथपत्रं हातात धरून, एकमेकांना "नमस्कार भाऊ" करत उभे. एकाचं पेन चालेना, दुसऱ्याने आपलं दिलं. बाजूला छापखान्याचा पोऱ्या पत्रकांचा नमुना घेऊन आलेला. वर दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे हसरे फोटो, मध्ये 'भाजपला रोखण्यासाठी एकजूट', खाली उमेदवाराची जागा कोरी. त्याने विचारलं, नाव कुणाचं टाकू? दोघेही म्हणाले, माझं. त्याने एक पान तसंच ठेवून दोन गठ्ठे छापायचं कबूल केलं, आणि पैसे दोघांकडूनही आगाऊ मोजून घेतले.