पाठ कोणी पाहिला?

एप्रिलच्या शेवटी एका गुरुवारी आमच्या शाळेत तीन उमेदवार आले. जागा मानव्यविद्या विभागाच्या प्रमुखाची. म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि वरच्या दोन वर्गांचं समाजशास्त्र. शाळा इंग्लंडमधली, माध्यमिक, कॅथलिक. मी तिथे भूगोल शिकवते आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून नियामक मंडळावर आहे. मी हिंदू आहे. तरीही कॅथलिक शाळेचा विभागप्रमुख निवडणाऱ्या चौघांत मी एक होते.

तिकडे महाराष्ट्रातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा वाद काही थांबत नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली. शिवाय अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवणारा २०१४ चा निकाल बरोबर होता का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क देणाऱ्या घटनेच्या कलम ३० च्या आडोशाने मिशनरी शाळा हवं त्याला घेतात, हवं त्याला डावलतात. दुसरा म्हणतो, शासनाने एकदा आत पाय टाकला की आमची शाळा आमची राहणार नाही. दोन्हींकडे माझी माणसं आहेत. दोघांचंही भांडण निवडायचा हक्क कोणाचा, यावर आहे. निवड करायची कशी, हा प्रश्न मात्र कोणीच काढत नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी देशात असताना एका अनुदानित शाळेत मुलाखत दिली होती, ती अकरा मिनिटांत संपली. गाव कुठलं, नवरा काय करतो, लग्नाला किती वर्षं झाली. शेवटी एका गृहस्थांनी पेन खाली ठेवून विचारलं, ‘संस्थेला तुमचं काही सहकार्य?’ ‘सहकार्य’ या शब्दाचा तिथला अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. मी खिंडीतून पाणी कसं वाहतं हे मुलांना समजावून सांगू शकते की नाही, ते त्या खोलीत कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. मला घेतलं नाही. का घेतलं नाही, ते आजतागायत कळलेलं नाही.

आता इथला तो गुरुवार. तारीख सहज ठरलेली नव्हती. इथल्या शिक्षकाला सप्टेंबरपासून दुसऱ्या शाळेत रुजू व्हायचं असेल तर ३१ मेच्या आत राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे चांगली माणसं हवी असतील तर मुलाखती त्याआधी उरकाव्या लागतात. उमेदवार सव्वाआठला आले. आधी दोन मुलांनी त्यांना शाळा फिरवून दाखवली. मग प्रत्येकाला एक खराखुरा वर्ग आणि पन्नास मिनिटं दिली. त्यानंतर सहा विद्यार्थ्यांच्या गटाने प्रश्न विचारले. मग एका बंद खोलीत भूगोलाच्या निकालाचे आकडे पुढे ठेवून सांगितलं, ‘काय दिसतं ते लिहा, पहिल्या सहामाहीत काय कराल तेही लिहा.’ जेवणानंतर आमची समिती. समितीतल्या एकाने तरी मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने भरती कशी करायची याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं, आणि कारकिर्दीतल्या रिकाम्या महिन्यांचाही हिशेब विचारावा लागतो. संध्याकाळी पाचला फोन.

पाठाचा विषय मुद्दामच अडचणीचा निवडला होता. वर्ग बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा, विषय आठव्या हेन्रीने केलेली मठांची मोडतोड, १५३६ ते १५४०. कॅथलिक शाळेत हा विषय दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्यासारखा आहे. राजाने पोपशी नातं तोडलं, मठ बंद केले, जमिनी विकल्या. शाळेची भिंत ज्यांनी उभारली त्यांच्या आठवणीत ही कथा छळाची आहे.

पहिला उमेदवार स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्याने हुतात्म्यांची कथा सांगितली, आणि अतिशय सुंदर सांगितली. वर्ग चिडीचूप. पण पन्नास मिनिटांत मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्याने चित्रफीत लावली. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. तिसरी बाई कुठल्याच चर्चची नव्हती. मठांतल्या गैरवर्तनाबद्दल राजाच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या अहवालातला एक उतारा तिने मुलांच्या हातात दिला. सोबत १५३६ साली उत्तरेत उठाव केलेल्या लोकांच्या मागण्या दिल्या. आणि तीनच प्रश्न फळ्यावर लिहिले: हे कोणी लिहिलं? कोणासाठी? लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं? मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मिस, म्हणजे भिक्षू वाईट नव्हतेच?’ तिने उत्तर दिलं नाही. ‘काही असतीलही. पण या कागदावरून तुला ते ठरवता येईल का, ते सांग,’ असं म्हणून ती थांबली. बराच वेळ थांबली. वर्गात थांबता येणं किती अवघड आहे, ते शिक्षकांनाच ठाऊक.

समितीत आमच्या धर्मगुरूंनी तिला सरळ विचारलं, ‘तुम्ही आमच्या श्रद्धेच्या नाही. मग इथे काय कराल?’ ती म्हणाली, ‘मिस्साच्या प्रार्थनेला मी मुलांसोबत बसेन, कम्युनियनचा प्रसाद घेणार नाही. तुम्ही शिकवता तो माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार माझ्या विषयात रोज येतो. त्याच्याशी मी खोटं वागणार नाही.’ नंतरची आमची चर्चा तासभर चालली, आणि त्या तासात तिच्या श्रद्धेचा मुद्दा एकदाही आला नाही. प्रश्न भूगोलाचा होता. ती इतिहासाची. आमचा भूगोल कच्चा, आणि शाळा बदलू पाहणारे भूगोलाचे अनुभवी शिक्षक सहज सापडत नाहीत. मी स्वतः तिच्या बाजूने नव्हते. माझ्या विषयाची मला काळजी होती. शेवटी धर्मगुरूंनीच मला विचारलं, ‘तुमच्या वर्गात येऊन बसायला कोण तयार होईल, ती की तो पहिला उमेदवार?’ आणि मी तिच्यासाठी हात वर केला.

हे शक्य झालं, कारण श्रद्धेची अट कुठे आहे आणि कुठे नाही, ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. इंग्लंडमधल्या बिशपांच्या धोरणानुसार तीन पदं आचरणातल्या कॅथलिक व्यक्तीसाठी राखीव असतात: मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणाचा प्रमुख. मानव्यविद्येचा प्रमुख त्यात नाही. कॅथलिक शाळेत धर्मशिक्षण हा वेगळाच विभाग असतो, त्याला वेळापत्रकातला दहावा हिस्सा मिळतो. कायदा मात्र याहून बरीच मोकळीक देतो. आमच्यासारख्या शाळेत पगार सरकारच्या पैशातून होतो, तरी शिक्षक नेमताना धर्माच्या आधारे प्राधान्य देता येतं, आणि जमेल तिथे ते द्यावं अशी बिशपांची अपेक्षाही असते. ती मोकळीक मला खुपते. करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत भूगोलाच्या शिक्षकाचा धर्म कशाला पाहायचा? पण राखीव पद कोणतं, हे जाहिरात वाचणाऱ्याला आधीच कळतं, हे मी मान्य करते.

महाराष्ट्रातही अशी रेघ आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही इतकंच. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यात अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या भरतीत सूट आहे. त्यांची नावं शिक्षण संचालक किंवा उपसंचालकांना कळवायची. इथे पदं ठरलेली, तिथे आकडा ठरलेला. ते तिघे कोण आणि का, हे संस्थेच्या मनात. सेवाज्येष्ठतेत वर असलेल्या बाईंना पर्यवेक्षकपदाच्या वेळी कळतं की यादीत दुसऱ्याचं नाव गेलंय. हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या कायद्यातला तीनचा आकडा तसाच राहू द्या, पण ती पदं कोणती हे संस्थेने आधीच जाहीर करावं, एवढं मागण्यात कलम ३० ला कुठे धक्का लागतो?

जानेवारी २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या मदरशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक भेद केला. निकाल न्या. उदय लळित यांनी लिहिलेला. निव्वळ ऐहिक विषयांना उत्तमातला उत्तम शिक्षक हवा. धर्म किंवा भाषा जपणाऱ्या शिक्षणाची गोष्ट थोडी वेगळी. गणिताला हे सरळ लागू पडतं. इतिहासाला नाही. इतिहास या दोहोंच्या मधोमध उभा असतो, आणि म्हणूनच तिथे श्रद्धेपेक्षा कागद वाचायची शिस्त आधी तपासायला हवी. मठांचा पाठ मला हेच शिकवून गेला. वसईच्या मुलाला पोर्तुगीज राजवटीचा इतिहास शिकवणारा शिक्षक ख्रिस्ती असो की नसो, तो कागद कसा हाताळतो हे पाहिल्याशिवाय त्याला नेमू नये.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. इथे गुणवत्ता यादी नसते. चार माणसांना जो आवडला तो आला. ‘आमच्यात नीट बसणार नाही’ हे वाक्य मी दोन मुलाखतींनंतर स्वतःबद्दल ऐकलं आहे, आणि ते माझ्या उच्चारांबद्दल होतं हे मला कळत होतं. म्हणून पवित्र पोर्टलला, म्हणजे महाराष्ट्रातल्या गुणांवर आधारलेल्या सरकारी शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाला, शिव्या देणाऱ्यांत मी नाही. २०१७ साली शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आली, त्यानंतर ओळख आणि पैसा दोन्ही नसलेल्या कितीतरी मुली गुणांच्या जोरावर शाळेत लागल्या. माझ्या मावसबहिणीची मुलगी त्यातली एक. तिला कोणी ‘सहकार्य’ विचारलं नाही. यादी मोडा असं सांगायला मी कधीच येणार नाही. पण यादी आणि नेमणूक यांच्या मध्ये एक पाठ ठेवा. खरा वर्ग, खरी मुलं, मागे बसलेले तिघे, त्यातला एक दुसऱ्या शाळेचा, आणि आधीच छापलेला गुणतक्ता. बी.एड.ला आपण डझनावारी पाठ घेतो, प्रत्येकावर निरीक्षणाचे शेरे मिळतात. नोकरी देताना मात्र बहुतेकदा कोणी वर्गात येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकेने न निवडलेल्या दोघांना कारणं सांगायला फोन केले आणि मला शेजारी बसवून घेतलं. पहिल्या उमेदवाराचा आवाज पडलेला होता. त्याने विचारलं, ‘पाठ आवडला नाही का?’ बाईंनी सांगितलं की कथा फार छान होती, आकड्यांच्या कामातही तो सर्वांत पुढे होता, फक्त मुलांना बोलायला जागा मिळाली नाही. मग फोन माझ्याकडे दिला. भूगोलाच्या निकालाबद्दल त्याने लिहिलेल्या दोन मुद्द्यांवर आम्ही वीस मिनिटं बोललो. ते मुद्दे माझ्या वहीत आहेत. सप्टेंबरमध्ये नव्या बाई आल्या की पहिल्या बैठकीत मी ते मांडणार आहे, त्याच्या नावानिशी. तशी परवानगी मी त्या फोनवरच घेतली.